मुळं कापायचं वर्ष

बोस्कोपची जमीन म्हणजे काळ्या मातीच्या लांबट चिंध्या,
दोन्ही अंगांना चर.
शेवटच्या चिंधीवर जायला आजही होडीच लागते.
होडीत मी, दोन फावडी, गोणपाटाची गुंडाळी
आणि योरिट, वय एकोणीस, नाकाचा शेंडा लाल.

नोव्हेंबर. पानगळीची झाडं कपडे उतरवून,
दिवा मालवून मोकळी झाली.
टॅक्ससचं तसं नाही. ते झोपलेत की नुसते पडून आहेत
हे अठ्ठेचाळीस वर्षांत मला ओळखता आलेलं नाही.
सासरे, तेउनिस, म्हणायचे,
सदाहरिताच्या तोंडावर जाऊ नकोस, आल्त्ये,
ते मेलं तरी चार महिने कुणाला कळू देत नाही.

त्यांनीच शिकवलं सगळं.
कातर स्पिरिटमध्ये बुडव. ढगाळ दिवस बघूनच छाट,
आतली पानं उन्हाला सरावलेली नसतात, करपतात.
ऑगस्ट उलटला की हात आवर,
नवी फूट थंडीत सापडते.
बर्फ पडला तर झाडू खालून वर मार,
फांदी आधीच वाकलेली असते, तिला आणखी कशाला दाबतेस.
आणि दर तिसऱ्या वर्षी, न चुकता,
भोवती फावडं घालून मुळं काप.
विकायचं झाड आहे. इथल्या मातीत जीव गुंतला
तर परक्या अंगणात कसं जगेल?

मी तेव्हा वीस वर्षांची, गौडाहून लग्न करून आलेली.
फावडं घेतलं, बोलले काही नाही.

झाडाबरोबर मातीचा गड्डाही जातो ना,
म्हणजे दर गाडीमागे थोडं शेतच विकलं जातं.
मग चरातला गाळ उपसायचा, वर पसरायचा.
वास येतो, हात फुटतात,
पुढच्या वर्षी पुन्हा तेच.
ज्या उन्हाळ्यात अळीनं बक्सस खाल्ले,
गोळे, सुळके, चौदाशे बदकं, सगळी खराट्यासारखी,
त्या वर्षी तेवढी माती वाचली.
असं माझा नवरा म्हणाला आणि हसला.
मग बराच वेळ काड्यापेटी शोधत राहिला.
खिशातच होती.

मोर टॅक्ससचा, म्हणून राहिला.
सुरू केला तेउनिसनी.
खरा मोर त्यांनी एकदाच पाहिलेला,
रॉटरडॅमच्या प्राणिबागेत, तोही पाठमोरा.
त्यामुळे पिसारा ऐटबाज आणि चोच कोंबडीची.
चोच मी तारेनं ओढत आले, सव्वीस वर्षं,
अजून तो दाणे टिपायला निघाल्यासारखाच दिसतो.

गेंटच्या कुणा वकिलाला हवाय. आगाऊ पैसे आलेत.
योरिटनं वर्तुळ आखलं, फावड्यावर पाय दिला,
पातं अर्ध्यातच अडलं.
त्यानं हातानं माती बाजूला केली.
मनगटाएवढं मूळ.
शेजारी दुसरं, चराच्या काठाकाठानं वळत
पार मेंदीच्या कुंपणाखाली गेलेलं.
"हे शेवटचं कापलं कधी?"

वहीत दर तिसऱ्या वर्षापुढे
माझ्याच अक्षरात बरोबरची खूण आहे.
"विसरले असेन," मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मोराकडे,
मग नाक पुसलं.
"आणि वकिलाला काय सांगायचं?"
"सांग, चोच अजून व्हायची आहे."

तो माती परत लोटू लागला.
नीट दाब, म्हटलं, पोकळी राहिली तर मूळ सुकतं.
मी मोराच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला.
आत नेहमीसारखी तांबूस, वाळकी पानं.
गळतात तीही, आतल्या आत,
कुणीतरी हात घालून झटकावी लागतात.
उजेड होता तोवर तेवढं केलं.